सातवीचे डावे हात

माझ्या मुलीच्या प्रकल्पाच्या स्केच पेनांचा वास आला आणि मला बी.एड.चा माझा शेवटचा पाठ आठवला. आठवडाभर पारोळ्याच्या शाळेत शिकवायचं आणि सुटीला एसटीने धुळ्याला तासांना जायचं, अशा दोन वर्षांनी मी थकलो होतो; गणिताचा हा पाठ बिघडला असता तर आणखी एक वर्ष गेलं असतं. म्हणून आदल्या दिवशी सातवीला सांगितलं, प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल त्याने उजवा, नसेल त्याने डावा. "सर, माले अर्धंच येस, मंग कोनता हात?" एकाने विचारलं आणि वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या मार्गदर्शक मॅडम पाठ तपासायला मागच्या बाकावर बसल्या. अपूर्णांकांच्या बेरजेचा, स्केच पेनांनी काढलेला तक्ता लावून मी प्रश्न विचारला, तर एक्केचाळीसच्या एक्केचाळीस मुलांचे हात वर. त्यांतले सव्वीस डावे होते. मी उजव्यांनाच उठवलं, उत्तरं बरोबर आली. "वर्ग चांगला तयार केलात," म्हणत मॅडमनी पन्नासपैकी सेहेचाळीस गुण दिले. त्या गेल्यावर मी तक्ता गुंडाळत होतो, तेव्हा एक मुलगी टेबलाशी आली. "सर, मना डावा हात व्हता. आते माले कधी शिकाडशात?" मी म्हणालो, सोमवारी. सोमवारी अभ्यासक्रम मागे पडला म्हणून मी नवा धडा घेतला, आणि तिनेही पुन्हा विचारलं नाही. पदवी मिळाली, कामालाही आली. त्या मुलीला अपूर्णांकांची बेरीज आली की नाही, हे मात्र मला आजही सांगता येत नाही.