पप्पांच्या दुधाची दहा मिनिटं

हे मी अजून कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, कन्फेशनला फादरनासुद्धा नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते नका विचारू.

मी कतारला, दोह्यात हॉस्पिटलमध्ये डायटिशियन आहे. लकव्यानंतर ज्यांना धड गिळता येत नाही, त्यांचं पाणी, दूध, सूप घट्ट कसं करायचं ते घरच्यांना शिकवते. पातळ काही दिलं तर ते श्वासनळीत उतरतं, म्हणून त्यात डिंकाची पावडर घालायची. पाणी मिनिटभरात घट्ट होतं. दुधात मात्र प्रथिनं आडवी येतात, डिंक फुगायला वेळ लागतो — दहा मिनिटं थांबायचंच. हे मी रोज बजावते. वर आवाज चढवून.

माझे सासरे, पप्पा, वसईहून आमच्याकडे, दोह्यातल्या अल थुमामा भागात आले आणि इथेच त्यांना लकवा झाला. उजवा हात गेला, वाचा गेली. काठी धरून घरात चालायचे. समजायचं सगळं.

त्या सकाळी मला उशीर झाला होता. खालून ड्रायव्हर फोनवर यल्ला, यल्ला — चला, चला — करत होता. मी दुधात पावडर ढवळली. पातळच होतं — दिसत होतं मला. तरी कप त्यांच्या ओठाला लावला. ते जोरात ठसकले. मी पाठ चोळली आणि निघून गेले. हो, गेले. संध्याकाळी ताप, मग न्यूमोनिया, ॲडमिट.

डॉक्टरांनी विचारलं, घट्ट न केलेलं, पातळ काही प्यायले का? माझा नवरा विल्सन शेजारीच होता. आणि मी — जगाला अक्कल शिकवणारी — म्हणाले, "फ्रिजमधलं दूध घेतलं असेल त्यांनी. मी नव्हते ना घरी."

"पप्पा, लहान बाळ आहात काय?" विल्सन ओरडला. पप्पांनी डावा हात उचलून माझ्याकडे केला. विल्सनला वाटलं, काहीतरी हवंय. मला कळलं होतं. मी तो हात धरून पांघरुणात घातला. किती सोपं होतं ते!

घरी आल्यावर विल्सनने फ्रिजला कुलूप लावलं. पप्पा वर्षभर जगले, तेवढे दिवस ते तसंच होतं. किल्ली माझ्याकडे असायची.

परवा त्यांना जाऊन वर्ष झालं, चर्चमधल्या मिस्सानंतर सगळे जेवायला जमले. विल्सन डोळे पुसत, कौतुकाने सांगत होता, "आमचे पप्पा म्हणजे दूधचोर." सगळे हसले. मी पण हसले.