कॉडच्या पोटात काय होतं

"बादल्या खाली ठेव, ॲम्ब्रोज!"

"अगं ताई, बटाट्याला खत नको? आजोबांनी हेच घातलं, बाबांनी हेच घातलं. किनाऱ्यावर ही बारकी कॅपलिन मासळी नुसती लोळतेय!"

"लोळत नाहीये, अंडी घालतेय."

न्यूफाउंडलंडच्या त्या खाडीत ॲम्ब्रोजच्या या बहिणीची, ड्रुसिलाची, खोड सगळ्यांना ठाऊक होती. कॉड मासा साफ करायला बसली की आधी त्याचं पोट उघडायची आणि विचारायची, "काय खाल्लंस रे बाबा?" चाळीस वर्षांपूर्वी उत्तर ठरलेलं असायचं. बोटभर लांबीची कॅपलिन पोटात दाटीवाटीनं भरलेली असायची आणि कॉडची कलेजी तिच्या तळहातावर मावायची नाही.

"ये, बघ." तिनं सुरीच्या टोकानं दाखवलं. आजच्या तीन कॉडच्या पोटांत मिळून दोन चिमुकले खेकडे आणि एक गोटा निघाला होता. "हा दगड यानं का गिळला असेल, सांग बरं? आणि कलेजी बघ, माझ्या अंगठ्याएवढी."

"माझ्या दोन बादल्यांनी समुद्र ओस पडणार होय?"

"असं खाडीतलं प्रत्येक घर म्हणतं. बटाट्याला समुद्रातलं शेवाळही चालतं. कॉडला चालतं का? आणि हिवाळ्यात खारवलेला कॉड मागायला माझ्याच दारात येशील!"

ॲम्ब्रोजनं तिच्या हातातून सुरी घेतली आणि चौथा कॉड स्वतः उघडला. आत काहीच नव्हतं. त्यानं बोटानं चाचपून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"काय रे, काय निघालं?"

त्यानं हात पुसले. बादल्या तिथंच ठेवून शेवाळ ओढायचं कोपऱ्यातलं दाताळं उचललं आणि तो बाहेर पडला.