ते घरी नाहीत

माझ्या ताईच्या दाराला परवापर्यंत बेल नव्हती. पूर्वी होती, पण भाऊजींनी एक दिवस स्वतःच ती उचकटून काढली. तिच्या जागी भिंतीतून दोन तारा लोंबायच्या. घरचं माणूस जिन्यातूनच हाक मारत वर येतं. दार वाजवतो तो परका, असा त्या घरचा कायदा. दार वाजलं की पंखा बंद, टीव्ही मुका, हातातलं भांडं हातातच. मग ताई दार बोटभर उघडते आणि म्हणते, "ते घरी नाहीत." इतकं सहज म्हणते की पडद्यामागे श्वास रोखून उभ्या असलेल्या भाऊजींनाही ते खरं वाटत असावं.

भाऊजींचा सोफ्यांचा कारखाना होता. एका नव्या हॉटेलनं प्रत्येक खोलीसाठी सोफे सांगितले. भाऊजींनी लाकूड, फोम, कापड सगळं उधारीवर उचललं आणि ते हॉटेल उघडलंच नाही. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं. पैसे मागणारे सकाळपासून बेलवर बोट ठेवून उभे राहायचे. कोर्टानं भाऊजींना दिवाळखोर ठरवलं, मशिनं उचलून नेली, आणि काही वर्षांनी त्याच कोर्टानं त्यांना मोकळंही केलं. आज ते कुणाचं काही देणं लागत नाहीत. दुसऱ्याच्या कारखान्यात पगारावर सोफ्यांना कापड चढवतात. गल्लीतले लोक मात्र अजून 'सोफाशेठ' म्हणून हाक मारतात, आणि ती हाक ऐकली की मला त्या लोकांच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

क्रेडिट कार्डाचं टुमणं मीच लावलं. भाऊजींना स्वतःचं एक शिलाई मशीन घ्यायचं होतं, पण त्यांचं नाव कॉम्प्युटरवर आलं की प्रत्येक बँकेचा चेहरा पडायचा. मी त्यांना ओढत बँकेत नेलं. तिथली मुलगी म्हणाली, "काका, आधी इथे ठेव ठेवा, तिच्यावर कार्ड देऊ. वेळच्या वेळी फेडलंत की पत पुन्हा तयार होते."

"म्हणजे माझेच पैसे तुम्ही मला उसने देणार?" भाऊजींनी विचारलं.

"तसंच समजा," ती हसून म्हणाली. भाऊजीही हसले. त्यांचे दात मी कित्येक वर्षांनी पाहिले.

कार्ड त्यांच्याच हातात, सही घेऊन मिळणार होतं. कुरियरवाला आला तेव्हा दोघंही घरात होती, त्याचीच वाट बघत होती. दार वाजलं. ताईनं उघडलं. "ते घरी नाहीत," ती म्हणाली, आणि तो गेला.

दुपारी मोबाइलवर निरोप आला: व्यक्ती घरी नाही, उद्या शेवटचा प्रयत्न, नंतर कार्ड परत जाईल. ताई माझ्याकडे येऊन ढसाढसा रडली. "अगं, मी नाही गं बोलले. माझं तोंडच बोललं."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकून त्यांच्याकडे जाऊन बसले. दार वाजलं तशी भाऊजींनी पंख्याचं बटण बंद केलं आणि ते पडद्यामागे गेले. त्यांना ते कळलंही नाही. ताईनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. मी दार सताड उघडलं. कुरियरवाल्यानं पाकिटावरचं नाव वाचून विचारलं, "आहेत का?"

पडद्याखाली भाऊजींची पावलं दिसत होती. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली.

"भाऊजी," मी म्हटलं, "तुम्ही घरी आहात का?"

पडदा हलला नाही. कुरियरवाल्यानं पाकीट पुन्हा पिशवीत घातलं. तेव्हा आतून घोगरा आवाज आला, "आहे." ते बाहेर आले. ओळखपत्र पुढे केलं.

"फोटो तुमचाच ना?"

"होता," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी सही केली. सही पार वाकडीतिकडी आली होती, पण ती त्यांचीच होती.

त्या कार्डावर भाऊजींनी पहिली वस्तू घेतली ती बेल. रविवारी स्वतःच तारा जोडल्या, पांढरं बटण बसवलं आणि म्हणाले, "दोघी बाहेर जा. वाजवून बघा." आम्ही जिन्यात आलो. त्यांनी आतून दार लावलं. ताईनं पदराला हात पुसले आणि बटण दाबलं.

बेल खणखणीत वाजली. पाठोपाठ आतला पंखा बंद झाल्याचं आम्हाला ऐकू आलं.

ताई माझ्याकडे बघत राहिली. मग दाराला तोंड लावून हळूच म्हणाली, "अहो, मी आहे."

मग दारापलीकडून भाऊजी म्हणाले, "ते घरी नाहीत."

मी हसले. ताई हसली नाही. तिनं दारावर तळवा ठेवला आणि म्हणाली, "बरं. येईपर्यंत थांबते मी." आणि ती तिथेच पायरीवर बसली.