नानांच्या मातीची गोणी

पारोळ्याजवळच्या एका गावात पितांबर नानांनी जन्मभर भुईमूग पिकवला. मुळांवर गाठी दिसल्या की पीक झकास, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. यंदा पहिल्यांदाच टोमॅटो लावले आणि एक रोप उपटून पाहिलं, तर मुळांवर ह्या टपोऱ्या गाठी! नानांना आभाळ ठेंगणं झालं. मूळ धुऊन त्यांनी चहाच्या टपरीवर टांगलं. झाडं दुपारी माना टाकत, त्यावरही उत्तर तयार होतं. "उन्हामा कोन झोपत नही?" बायको, भिकुबाई, चुलीकडे वळली. नानांशी वाद घालण्यापेक्षा भाकरी थापलेली बरी, हे ती चाळीस वर्षांपूर्वीच शिकली होती.

लेक ज्योत्स्ना अमळनेरकडे दिलेली, तिच्या सासऱ्यांचेही टोमॅटोच. शेजारी विरजण द्यावं तशी नानांनी व्याही रतिलालभाऊंना आपल्या वावरातली गोणीभर माती पाठवली. "थोडी थोडी टाका, मंग देखा."

आठ दिवसांनी कृषी सहाय्यक मृणालीताई आल्या. टपरीवरचं मूळ पाहून त्यांचा चहा तसाच राहिला.

"नाना, या भुईमुगाच्या गाठी नव्हेत. सूत्रकृमी आहेत. बारीक किडे मुळात शिरून रस पितात. झाडं मुळासकट काढून जाळा, उन्हाळ्यात जमीन तापू द्या, मग झेंडू लावा. आणि ही माती कुठे जाऊ देऊ नका. माती जाईल तिथे किडे जातील."

नानांना गोणी आठवली. स्वतःचं वावर गेलं ते गेलं, पण लेकीच्या सासरी आपल्याच हातानं कीड पोचवली. आता तिनं तिथे तोंड कसं दाखवायचं? त्यांनी मिळेल ती एसटी पकडली. वाटेत माफीचा सराव म्हणून शेजारच्या प्रवाशाची दोनदा माफी मागितली. त्यानं दोन्ही वेळा माफ केलं.

"व्याहीबुवा, माटी वावरमा टाकी का?" नानांनी दारातूनच विचारलं.

रतिलालभाऊ ओशाळले. त्यांनी गोठ्याकडे बोट दाखवलं. वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून त्यावर गोणी ठेवलेली होती, तोंड शिवलेलं तसंच.

माफी मागायला आलेले नाना आपल्या मातीची ही गत पाहून आधी भडकलेच. "मनी माटी पत्र्यावर?"

ज्योत्स्ना पाण्याचा तांब्या घेऊन आली. "मीच ठेवाले लावी, नाना. परकी माटी आपला वावरमा घेवानी नही, हाई तुम्हीच शिकाडेल शे."

नियम नानांचाच होता, आणि तो मोडणारेही एकटे नानाच. त्यांनी तांब्याभर पाणी एका दमात पिऊन टाकलं.

"लेक मनी शे," माझीच लेक ही, अशा तोऱ्यात ते रतिलालभाऊंना म्हणाले, आणि मग पाठ केलेली माफी पहिल्यापासून मागू लागले.