वाटीवरची रेघ

कापसानं सगळ्यांचंच कंबरडं मोडलं त्या वर्षी दारव्ह्यातला सरकी काढायचा एक जिनिंग कारखाना बंद पडला. मालकाचं कुटुंब नागपूरला गेलं आणि त्यांच्या दोन पर्शियन मांजरी मागे चौकीदाराकडे राहिल्या, आई आणि तिची वर्षभराची लेक. शाळेतून घरी येताना चौकीदारानं मला अडवलं. "बाई, तुम्ही न्या यायले. इथं कुत्रे फाडून टाकतीन."

मी दोघींनाही घेऊन आले. आमचे हे दारातच म्हणाले, "हे पांढरे हत्ती कायले आणले?"

कापसावर फवारणीचे दिवस आले आणि मांजरींतली आई ओकायला लागली. आमच्याकडे त्या दिवसांत माणूस ओको की बैल, निदान ठरलेलं असतं. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टरही म्हणाले, "फवारणीचंच औषध पोटात गेलं असन." ती बिचारी कधी उंबरा ओलांडून गेली नव्हती, तरी मी मान डोलावली. अंगणात जळणाला ठेवलेल्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या बाहेर फेकल्या, खिडक्या बंद केल्या. ती वाटीमागून वाटी पाणी पीत होती. मला बरंच वाटत होतं. म्हटलं, विष धुऊन निघेल. आठव्या दिवशी ती गेली.

मालकीणबाईंना कळवायला फोन केला. त्या म्हणाल्या, "तिची आईपण अशीच गेलती. किडनीत पाण्याचे फोड होते. आधी नुसती तहान लागे. डॉक्टर म्हणे, हे रक्तातूनच येते."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही नेलं असतं काय?"

मला रागच आला. फोन ठेवला तेव्हा लेक माझ्या पायाशी बसून पाणी पीत होती. विष असतं तर किती बरं झालं असतं, असं तेव्हा खरंच वाटलं. विषाला दार लावता येतं.

नागपूरला नेऊन सोनोग्राफी करायची, असं मी दर रविवारी ठरवायचे आणि दर रविवारी काहीतरी काम काढायचे. खरं सांगायचं तर कळून घ्यायचीच भीती वाटत होती. त्याऐवजी मी स्टीलच्या वाटीला आतून नेलपॉलिशची रेघ मारली. सकाळी शाळेत जाताना रेघेपर्यंत पाणी भरायचं आणि दुपारी येऊन किती उतरलं ते बघायचं. आमचे हे हसायचे, "तिले पाणी तरी सुखानं पिऊ दे."

उन्हाळा लागला. सारं गावच माठाला चिकटलेलं, त्यात एका मांजरीची तहान वेगळी कशी ओळखायची? पण पाणी रोज बोटभरच उतरलेलं असे. मार्च संपेपर्यंत माझी भीती निम्मी झाली. एकदा तर मी तिला कडेवर घेऊन घरभर नाचले.

एप्रिलमध्ये एकदा शाळेतून तासभर लवकर सुटले. स्वयंपाकघराच्या दारात आले तर हे जेवायच्या सुट्टीत कचेरीतून आलेले, माझ्याकडे पाठ करून खाली बसले होते. मांजर शेजारी वाट बघत होती. वाटी कोरडी पडली होती, आणि हे तांब्यानं हळूहळू पाणी ओतत होते, बरोबर रेघेच्या बोटभर खालीपर्यंत.