सुहासची तक्रार

वैशालीवहिनींचा फोन आला तेव्हा मी शिरवळच्या कारखान्यात, कॅन्टीनच्या रांगेत उभा होतो. "भावजी, ह्यांना सांगलीला आणलंय…" एवढंच त्या बोलल्या. मागून कुणाचं तरी रडणं ऐकू आलं आणि काय कळायचं ते कळलं. सुहास गेला होता. ऐन बेदाण्याच्या हंगामात, तासगावच्या आपल्या शेडवर, छातीत कळ येऊन. चाळिशीही धड उलटली नव्हती. मला अजून या गोष्टीचा संताप येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

सांगलीला आम्ही एकत्र शिकलो. मी नोकरीला लागलो आणि हा गडी घरच्या द्राक्षबागेत परतला, पण कॉम्प्युटर काही सोडला नाही. त्यानं 'शेडराखण' नावाचं ॲप केलं. जाळ्यांवर द्राक्षं वाळत असताना पावसाची एक सर आली तरी बेदाणा काळा पडतो, वर्षाची मेहनत मातीमोल. शेडच्या बाजूंचे प्लॅस्टिकचे कागद वेळेत खाली सोडले तरच माल वाचतो. हे ॲप हवामानावर नजर ठेवायचं आणि पाऊस जवळ आला की ओरडायचं, तेही सुहासच्याच आवाजात: "आवं, कागद सोडा! पाऊस आला!" एखादा चांगला आवाज घे की, असं मी सुचवलं होतं. तर म्हणतो, "गोड आवाजाला कोण उठतंय रं?"

मग फोनची प्रणाली ज्यांची, त्या कंपनीनं नवा नियम आणला. बॅटरी वाचावी म्हणून बराच वेळ न उघडलेली ॲप फोन आपोआप झोपवू लागला. शेजारच्या शेडवर पाऊस पडून गेल्यावर इशारा वाजला. माल गेला. तो शेतकरी सुहासच्या दारात येऊन नको नको ते बोलला आणि सुहासनं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. माझं डोकं सणकलं. कंपनीची जगभर अब्रू काढू, समाजमाध्यमांवर धुऊन काढू, असं मी म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, "शिव्या दिऊन बांध सरकत न्हाई गड्या. त्या माणसाला बांधावर आणून दाखवावं लागतं."

आणि त्यानं खरंच कंपनीला बांधावर आणलं. एका तक्रारीत एकच गोष्ट. फोन कुठला, काय केलं, काय झालं, काय व्हायला हवं होतं. सोबत शेडमध्ये उभं राहून काढलेला व्हिडिओ: पुढे मुका फोन, मागे कोसळणारा पाऊस. शेवटी मागणी एवढीच, की माणसानं स्वतः परवानगी दिली असेल तर हा इशारा झोपवू नका. रहिमतपुरात दूध संकलनाचं ॲप करणाऱ्या एकाचं दुखणंही हेच निघालं. त्यालाही यानं लिहायला लावलं, पण स्वतःच्या शब्दांत, स्वतःचं नुकसान. "एकाच पत्राच्या नकला धाडल्या की त्यास्नी मोर्चा दिसतो, माणसं दिसत न्हाईत." उत्तरं यायची ती यंत्राची. आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत… मी चिडायचो, तो पुन्हा त्याच तक्रारीखाली लिहायचा. संत नव्हता हो तो. आधी अस्सल तासगावी शिव्यांचा एक मसुदा लिहायचा आणि वहिनींना मोठ्यानं वाचून दाखवायचा. त्या हसून म्हणायच्या, "झालं? आता ते पुसा, आन् कामाचं लिवा."

शेवटी एकदा खऱ्या माणसाचं उत्तर आलं. इशारा वेळेवर वाजला नाही त्या फोनमधली तांत्रिक नोंद पाठवा, आम्ही तपासतो. सुहास इतका हरखला, की मला फोन करून वर भडंगाची पार्टी कबूल केली. हातातला माल जाळ्यांवर चढला की नोंद पाठवतो, म्हणाला… ते राहूनच गेलं.

तेराव्यानंतर आम्ही त्याचा लॅपटॉप उघडला. कंपनीची मेल येऊन पडली होती: आपल्याकडून उत्तर न आल्यामुळे तक्रार बंद करत आहोत. माझ्या बोटांना आग लागली. तोंडाला येईल ते लिहीत सुटलो. वहिनी मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "भावजी, ह्यांनी हेच पाठवलं असतं व्हय?" मी सगळं पुसलं. मग लिहिलं: "तक्रार करणारा वारला आहे. अडचण आहे तिथंच आहे. तुम्ही मागितलेली नोंद सोबत जोडली आहे." उत्तर अजून आलेलं नाही.

गेल्या आठवड्यात शेडवर गेलो होतो. खांबाला तारेनं टांगलेला त्याचा जुना फोन अजून तिथंच आहे. ॲप झोपू नये म्हणून सुहास जाता-येता त्याला बोट लावायचा. आता वहिनी लावतात, त्याचे वडील आबा लावतात. दुपारी वारा सुटला आणि तो फोन ओरडला. "आवं, कागद सोडा! पाऊस आला!" तोच घोगरा, घाईतला आवाज. आम्ही सगळे होतो तिथंच थिजलो. पुन्हा ओरडला. थेंब पडू लागले तरी कुणाचा पाय उचलेना… आबांनीच आधी डोळे पुसले. "ऐकत काय हुभं ऱ्हायलाय? त्यो सांगतोय न्हवं? सोडा की कागद!"

मग आम्ही धावलो. बराच माल वाचला, कडेच्या जाळ्या भिजल्या. सर ओसरल्यावर वहिनी पदराला हात पुसत खांबापाशी गेल्या आणि काचेवर बोट ठेवून आल्या. निघताना मीही ठेवलं.