ज्युला, सिलेशियन आणि कमलिनीताईंचा शनिवार

शारजाच्या रोल्ला बाजारात भांड्यांचं दुकान चालवणाऱ्या कमलिनी रिसबूड यांनी ज्युला आणि सिलेशियन या दोन भाषा शेजारी शेजारी मांडल्या, म्हणून आमचा मराठीचा वर्ग वाचला. हे मी इथल्या मराठी मंडळाच्या बैठकीत म्हटलं तेव्हा अर्धी मंडळी हसली. हसोत बापडी. मैत्रिणीची बाजू घेताना मला हळू बोलता येत नाही.

वर्ग शनिवारी मंडळाच्या हॉलमध्ये भरायचा. मंडळाचे अध्यक्ष सूर्यकांत पेडणेकर एकदा दारात उभे राहून ऐकून गेले आणि बैठकीत म्हणाले, "ताई, मुलं तोंडच उघडत नाहीत. वार्षिक कार्यक्रमात स्टेजवर मराठी बोलली तर ठीक, नाहीतर खलास. हॉल झुंबा क्लासला देऊ." झुंबा! ताईंनी बारा वर्षं उभा केलेला वर्ग आणि हे म्हणे झुंबा.

पण खोटं कशाला बोलू, मुलं खरंच गप्प असायची. ताई शिस्तीच्या. मूल चुकलं की वाक्य पुरं व्हायच्या आत टोकायच्या. मग मूल मान खाली घालून म्हणायचं, "मॅम, कॅन आय से इट इन इंग्लिश?"

अशात एका संध्याकाळी दुकानात दोन गिऱ्हाइकं एकदम आली. एक याकूब, बुर्किना फासोचा व्यापारी. स्टीलची पातेली कंटेनर भरून नेणारा, ताईंचा जुना माणूस. दुसरी हांका, पोलंडची इंजिनिअर, सिलिकॉन ओएसिसच्या टेक पार्कमध्ये नोकरीला. तिला लोखंडी कढई हवी होती. ताईंनी दोघांना चहा दिला. हांकाला तेवढ्यात आजीचा फोन आला. तिचं बोलणं झाल्यावर ताईंनी सहज विचारलं, "पोलिश का?"

"नाही, सिलेशियन," हांका इंग्रजीत म्हणाली. "आमचा भाग कोळशाच्या खाणींचा. आजी कपाला शोल्का म्हणते, शब्द मूळचा जर्मन. मी शाळेत तसं म्हटलं की बाई सगळ्यांसमोर सांगायच्या, ही बिघडलेली पोलिश आहे. मग मी घराबाहेर तोंडच उघडेना. आता लोक सिलेशियनमध्ये पुस्तकं लिहितात, ती वेगळी भाषा की पोलिशची बोली यावर भांडतात. पण माझी जीभ अजून अडखळते."

याकूबला हे नवलच वाटलं. त्याच्या आईची भाषा बोबो, आणि बाजाराची भाषा ज्युला. ज्युला या शब्दाचा अर्थच व्यापारी. "हमारे यहाँ सब ज्युला बोलता, पण सबका घर का भाषा अलग," तो म्हणाला. "शेजारचा माली देश, तिथली बंबारा आमच्या ज्युलाची बहीण. एक भाषा की दोन, कोण विचारतो? माणूस बोलला, बस. चुकला? माल्लूम, समजलं ना!" त्याचं मराठीही तसंच, ताईंच्या दुकानात वेचलेलं आणि बिनदिक्कत.

त्यानंतर ताईंना दुसरं काही सुचेना. शुक्रवारी मला फोन करून त्या ज्युला आणि सिलेशियनवरच बोलायच्या. दोन्हींबाबत प्रश्न तोच, स्वतंत्र भाषा की शेजारणीची बोली. मग एक बाजारभर हिंडली आणि दुसरी उंबऱ्याआड का बसली?  एके दिवशी फोनवर म्हणाल्या, "अगं, मी हांकाच्या शाळेतली बाई झालेय." त्यांच्या आवाजात रडू होतं. 

पुढच्या शनिवारी त्यांनी दोघांना वर्गात बोलावलं. हांका कोपऱ्यात बसली. याकूब मात्र बसेचना. त्यांच्याकडे रीतच अशी, की कामाला हात घालायच्या आधी समोरच्याचं घर, काम, आजारपण सगळं विचारायचं. घाई केली तर उद्धटपणा. तो प्रत्येक मुलापुढे गेला. "घर कसा? आई कसा? काल झोप आला?" मुलं आधी खुदखुदली. मग एकानं उत्तर दिलं, दुसरी त्याच्यावर बोलली, तिसऱ्यानं याकूबलाच त्याच्या घरचं विचारलं. तोडकंमोडकं, पण मराठी! ताईंनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते. टोकायचं नाही, हे त्यांना किती जड जात होतं ते मी पाहिलं. हांकाचे डोळे भरून आले होते.

वार्षिक कार्यक्रमाला हॉल भरला. पडदा उघडला तर स्टेज रिकामं. सूर्यकांतराव पहिल्या रांगेतून उठले, "ताई, हा काय प्रकार?"

"मुलं येतायत की," ताई म्हणाल्या. "यल्ला, चला पोरांनो!"

मागच्या दारानं मुलं आली आणि थेट प्रेक्षकांत शिरली. आपल्या आईबापांकडे जायचं नाही, एवढाच नियम. घर कसं आहे? काम फार आहे का? गावाला कोण असतं? चुका ढीगभर होत्या. पण माणसं आपली उत्तरं देत होती, कुणी फोन काढून गावाकडच्या आईचा फोटो दाखवत होतं. हॉलमध्ये लग्नघरासारखा गलका झाला. मी तर खुर्चीवर उभी राहून टाळ्या वाजवल्या.

नऊ वर्षांची शुभ्रा पहिल्या रांगेपाशी थांबली. ती सूर्यकांतरावांची नात. आईबापांकडे जायचं नाही म्हटलं होतं, आजोबांबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. शेजारच्या अजमान शहरात एकाच घरात राहून ही पोर त्यांच्याशी आजवर इंग्रजीतच बोललेली.

"आबा," ती म्हणाली, "तुम्ही रात्री का जागे बसता? आजीचा आठवण येतो?"

सूर्यकांतराव तिच्यासमोर खाली बसले. त्यांच्या पत्नीला जाऊन वर्ष झालं होतं, आणि घरात हे त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. "हो गं," ते तिच्याच मराठीत म्हणाले, "फार येतो." मग त्यांनी तिला जवळ घेतलं. सूत्रसंचालक माइक घेऊन आला, हॉलचा निर्णय जाहीर करायचा होता ना! त्यांनी माइक हातानंच बाजूला सारला.

"वर्ग चालू राहील, सांगून टाक," ते म्हणाले आणि पुन्हा नातीकडे वळले. "तू विचार गं. अजून विचार."